चपला राखणारी

एकदा एका गावच्या सरकारी शाळेत संगणक आले. यंत्राला काम कसे सांगावे, हे शिकवणारा तास सर्वांना सक्तीचा करावा की आवड असेल त्यालाच, हे शाळा समितीने मुख्य बाईंवर सोपवले. बाई तरुण, मनाने मवाळ. "सक्तीने का कुठे विद्या येते?" असे म्हणत तास ऐच्छिकच ठेवावा, असे त्यांनी ठरवत आणले होते. संध्याकाळी समितीला तसे कळवायचे, तर दुपारी त्यांचे म्हातारे गुरुजी शाळा पाहायला आले.

संगणकाच्या खोलीबाहेर चपलांचा ढीग होता. त्यापाशी मेंढपाळाची सगुणा एकटीच बसली होती.

"तू गं का बाहेर?" गुरुजींनी विचारले.

"मला नाही आवडत ते. मी चपला राखते."

"कोण नेतंय तुमच्या फाटक्या चपला?"

सगुणा हसली, पण हलली नाही. तेव्हा गुरुजींनी धोतर आवरले आणि त्या ढिगाशेजारी चक्क मांडी घातली. "ऊठ. आजपासून राखण माझ्याकडे. तू आत जा."

पोर रडवेली झाली. "हात लावला नि बिघडलं तर?"

"बिघडू दे. माझं नाव सांग."

ती आत गेली. शेजारी उभ्या असलेल्या बाई ओशाळल्या. "गुरुजी, उठा हो! तिला आवड नाही, तर कशाला बळेच?"

"बाळ, आपली विहीर आठवते? उन्हाळ्यात पोरं पाठीला सुका भोपळा बांधून धपाधप उड्या टाकायची. तू पायरीवर. म्हणायचीस, मी कपडे राखते."

बाईंना तो गार, शेवाळी वास आला. काखेत काचणारी दोरी आठवली, पाठीवर पडलेला तो हात आठवला आणि नाकातोंडात पाणी जाऊन वर आल्यावर दिसलेले केवढे तरी आभाळ.

"मी कपड्यांवर बसलो नि तुला ढकललं," गुरुजी म्हणाले. "आवड विचारली असती, तर आजही तू कपडेच राखत असतीस. भ्यालेलं पोर भीती वाटते म्हणत नाही गं, आवड नाही म्हणतं. आणि ज्याच्या घरी पोहणारं कुणी नाही, तेच नेमकं पायरीवर राहतं. मला त्या यंत्रातलं ओ की ठो कळत नाही. पण हे पाणी घरोघरच्या उंबऱ्याला लागलंय, एवढं दिसतं. सगळी काही पट्टीची पोहणारी व्हायची नाहीत. बुडू नये, इतकं तरी सगळ्यांना यावं."

संध्याकाळी समितीच्या अध्यक्षांनी विचारले, "बाई, कुणाकुणाची नावं घालायची?"

"पटावरची सगळी."

दुसऱ्या दिवशी खोलीबाहेर चपलांचा ढीग तसाच होता. राखायला कोणी नव्हते, आणि एकही चप्पल हरवली नाही.