लोटलेलं दार

"दार तर नुसतं लोटलेलं असतं, बाई. मग विचारायचं कशाला?"

"लोटलेलं असतं म्हणूनच."

खरवंडीकर बाईंचं हे उत्तर मला सात वर्षांत कळलं नाही. डोक्यात जपानी व्याकरण ठासून भरलेलं, त्यात असल्या साध्या गोष्टीला जागा कुठली!

नारायण पेठेत, दुसऱ्या मजल्यावर बाईंची एक खोली. नवऱ्याच्या नोकरीपायी चार वर्षं कोबेला काढलेली, तेवढ्या शिदोरीवर त्या पेठेतल्या मुलांना जपानी शिकवायच्या. नियम एकच. बाहेर उभं राहायचं, 'आत येऊ का?' विचारायचं आणि 'ये' ऐकू आल्यावरच चपला काढायच्या.

माझं विचारून होईपर्यंत एक चप्पल निघालेली असायची.

"दिगंबर, तोंड विचारतंय की पाय?" बाई आतून म्हणायच्या. कान भलतेच तिखट होते त्यांचे.

परवानगी मागायला मात्र त्यांनी फार गोड शिकवलं.

"'बसलं तर चालेल का?' असं म्हणतोस ना शेजारच्या काकूंना? जपानी माणूस तेच म्हणतो. सुवात्ते मो ई देस का. बसलं तरी चालेल का. परकं काही नाही रे, आपलंच आहे."

त्याच्या वरच्या पायऱ्या मी स्वतःच चढत गेलो. चालेल का… हरकत नाही ना… कृपा होईल का… परीक्षेत पहिला आलो. मग काय विचारता, आभाळ ठेंगणं झालं.

त्या चैत्रात नागोयाच्या एका कारखान्याचं पत्र आलं. दुभाष्याची नोकरी, पाच वर्षांसाठी. पाकिटात विमानाचं तिकीटही होतं, मंगळवारचं.

इकडे बाईंची दृष्टी गेल्यातच जमा होती. मुलांच्या वह्या मी वाचून दाखवायचो, फळ्यावर मी लिहायचो. मी गेलो की वर्ग बंद, हे मला ठाऊक होतं. पण त्याचा विचार करायचा नाही, असं मी ठरवून टाकलं होतं.

रविवारी सकाळी गेलो. बाई पाटावर बसून गवार मोडत होत्या.

मी जपानी रीतीने गुडघे मोडून समोर बसलो, कमरेत वाकलो आणि सगळ्यात वरच्या पायरीचं वाक्य काढलं.

"इकासेते इतादाकेमासेन का."

मला जाऊ देण्याची कृपा आपल्याकडून लाभणार नाही का? एक अक्षर इकडचं तिकडे नाही. आता बाई 'वा!' म्हणणार, म्हणून मी वाकलेलाच राहिलो.

गवार मोडायची थांबली.

"कुठे?"

"नागोयाला. पाच वर्षं."

"नाही," बाई म्हणाल्या.

मला वाटलं, आपलीच ऐकण्यात चूक झाली.

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही. जपानी माणूस 'चोत्तो…' म्हणतो. जरा… एवढंच, आणि पुढचं गिळतो. समजणारा समजतो. तुला समजलं नसतं, म्हणून मराठीत सांगितलं."

"अहो, पण तिकीट आलंय! परवाचं! होकार कळवून टाकलाय मी त्यांना."

"हो का?" बाईंनी एक शेंग उचलली. "मग मला विचारलंस कशाला?"

कान तापले. विचारायची सगळी रूपं मी घोकली होती. 'नाही' ऐकायचं एकही रूप माझ्या वहीत नव्हतं.

रागही आला, खोटं कशाला सांगू? म्हातारीला आपला वर्ग चालवायला फुकटचा गडी हवाय, असंसुद्धा मनात आलं. मग त्यांच्या बोटांकडे लक्ष गेलं. शेंगांच्या शिरा चाचपून चाचपून काढत होत्या आणि मोडलेली शेंग दर वेळी ताटाबाहेर जमिनीवर पडत होती. त्यांना ते कळत नव्हतं.

खिशातलं तिकीट काढून मी त्यांच्या हातात दिलं. बाहेर आलो. चपला घातल्या, दार लोटलं.

आणि तिथेच उभा राहिलो.

"येऊ का, बाई?"

आपल्या मराठीची गंमत बघा. आत येणाराही हेच विचारतो आणि निघणाराही हेच विचारतो. मी त्यातलं कोणतं विचारत होतो, ते मला तरी कुठे ठाऊक होतं? एवढं मात्र पक्कं होतं, की पुन्हा 'नाही' आलं असतं तर मंगळवारचं विमान माझ्याविना गेलं असतं. माझ्या नातवंडांना हे पटत नाही. न पटेना का.

आतून काही नाही…

खाली पिठाची चक्की चालू होती. जिन्यात गरम पिठाचा वास भरला होता. ती चक्की गेली, ती इमारतही गेली, आता तिथे गाड्या लावतात. पण कुठे तसा वास आला की अजून मी भर रस्त्यात थांबतो आणि आपल्या पायांकडे बघतो. फार आठवण येते बाईंची.

उभ्या जन्मात कुणाच्या उत्तराची एवढी वाट बघितली नाही मी…

पाट सरकल्याचा आवाज झाला. भिंत चाचपत बाई दाराशी आल्या. दार वीतभर उघडलं आणि तिकीट धरलेला हात बाहेर आला.

"चपला?"

"दोन्ही पायांत आहेत, बाई."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही होतं, पण माझं त्यांना दिसलं नसेल.

मी तिकीट घेतलं. हात तसाच थोडा वेळ बाहेर राहिला, मग आत गेला.

"ये," बाई म्हणाल्या. "दार लोटलेलंच असेल… पण आलास की विचारून आत ये."