उताणी कासवीण आणि बेटावरची मंडळं

समुद्राचं पाणी अजून गोडं होतं म्हणतात, त्या काळी एका बेटावर प्राण्यांची मदतमंडळं उदंड झाली होती. एका सकाळी भिवरी कासवीण तिथल्या वाळूत उताणी पडली. ऊन चढत होतं, पोट भाजत होतं. दुपारपर्यंत ती टिकली नसती.

बगळ्यांचं सावली मंडळ पंख पसरून उभं राहिलं.

"सावली राहू द्या, आधी मला सुलटी करा," भिवरी म्हणाली.

"ते आमच्या कामात बसत नाही, ताई."

खेकड्यांचं मंडळ किनारा झाडणारं आणि पाणमांजरांचं धीर देणारं. त्यांनीही हळहळत तेच सांगितलं. भिवरीनं कपाळाला हात लावला असता, पण हात पोचत नव्हता.

शेवटी ती वैतागून म्हणाली, "खेकडेभाऊ, माझ्या डावीकडची वाळू फार घाण आहे, उपसून काढा. आणि मांजरांनो, मला धीर हवाय. सगळे उजवीकडून घट्ट रेलून बसा."

दोन्ही मंडळं आनंदानं कामाला लागली. डावीकडे खड्डा झाला, उजवीकडून भार आला आणि भिवरी गडगडत पायांवर आली.

"पण हे नक्की कुणाच्या मंडळानं केलं?" बगळ्यांनी विचारलं.

"ते तुम्ही सावलीत बसून ठरवा," म्हणत भिवरी पाण्यात शिरली.