नदीपलीकडचा जुगार

गंगेच्या काठी कांपिल्य नगरात वीरकेतू राजा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्वाने तिथल्या एका न्यायाधीशाच्या घरी जन्म घेतला होता. त्याचे नाव धृतिसेन. वयात आल्यावर तो राजाचा न्यायामात्य झाला. तो कमी बोले, पण बोललेले मागे घेत नसे.

त्या नगरात द्यूतगृहे फार होती. एकदा सीमेवर शत्रू चालून आला, तेव्हा राजाचा एक सरदार पायीच उभा राहिला. घोडा आणि चिलखत दोन्ही त्याने फाशांवर घालवले होते. राजाला हे जिव्हारी लागले. त्याने सगळी द्यूतगृहे बंद केली, फासे चौकात जाळले आणि कांपिल्यात यापुढे कोणी जुगार खेळू नये अशी दवंडी पिटवली. त्या संध्याकाळी घरोघरी बायकांनी दारात दिवे लावले. धृतिसेनालाही समाधान वाटले.

पण सर्वांत मोठ्या द्यूतगृहाचा मालक भोगक हा गप्प बसणारा नव्हता. गंगेचा पलीकडचा काठ दुसऱ्या राजाच्या मुलखात होता. भोगकाने तिथे एक उंच मनोरा बांधला. रोज मनोऱ्यात फासा टाकला जाई आणि पडलेल्या दानाप्रमाणे तांबडा, पिवळा किंवा निळा ध्वज वर चढे. अलीकडच्या प्रत्येक गच्चीवरून तो दिसे. सकाळी होडीवाल्याकडे पैसे द्यायचे, रंग सांगायचा आणि आपल्याच घरी उभे राहून वाट पाहायची. जिंकलेले पैसे संध्याकाळच्या होडीने येत. द्यूतगृहाची पायरी चढायला जे लाजत, तेही आता खेळू लागले. सासू डाळ वाळवायला म्हणून वर जाई, सून केस वाळवायला म्हणून, आणि दोघींची नजर नदीपार लागलेली असे.

राजाने नदीकडच्या गच्चीवर जायला बंदी केली. लोकांनी भिंतींना भोके पाडली. राजाने भोके बुजवायला लावली. लोक झाडांवर चढू लागले. हेर नेमले, तर हेरच पैसे लावू लागले. शेवटी चिडून राजाने आज्ञा काढली, की जो खेळताना सापडेल त्याच्या उजव्या हाताचा अंगठा तोडावा.

पहिली सापडली ती रोहिणी नावाची विणकरीण. तिला धृतिसेनासमोर उभे केले.

"बाई, राजाज्ञा ठाऊक होती?" त्याने विचारले.

"होती, स्वामी."

"मग का खेळलीस?"

"या खेळात माझा माग गेला तेव्हाच ठरवलं होतं, आता पुरे. हल्ली दुसऱ्याच्या मागावर विणते. पण बंदी असली तरी सूत वाळत घालायला वर जावंच लागतं आणि ध्वज समोरच असतो. डोळे मिटले तरी तो फडफडतो असं वाटतं." तिने आपल्या अंगठ्याकडे पाहिले. "अंगठा गेला की विणणं जाईल. ध्वज मात्र उद्याही दिसेल."

धृतिसेनाने निकाल पुढे ढकलला आणि तो एकटाच घाटावर गेला. लोकांनी लावलेल्या पैशांच्या थैल्या घेऊन होड्या उघड उघड सुटत होत्या. त्याने घाटपाल गुपिल याला विचारले, "या होड्या अडवत का नाही?"

गुपिल हसला. "अडवू कसा, अमात्य? धान्याच्या होडीपेक्षा कितीतरी जास्त घाटपट्टी यांच्याकडून येते. नवी गजशाळा त्यातूनच उभी राहते आहे. महाराजांना ठाऊक आहे सगळं."

राजाने फासे जाळले तेव्हा तो मनापासून व्यथित होता, हे धृतिसेनाने जवळून पाहिले होते. म्हणूनच त्याला अधिक राग आला.

दुसऱ्या दिवशी भरल्या सभेत तो उठून म्हणाला, "महाराज, ही शिक्षा मी सुनावणार नाही."

राजाचा चेहरा उतरला. "म्हणजे व्यापारी म्हणतात तेच खरं? जुगार थांबत नाही, तर द्यूतगृहं पुन्हा उघडावी आणि राजरोस कर घ्यावा?"

"नाही. त्यालाही माझा तितकाच विरोध आहे."

"मग मी करू तरी काय?"

"पलीकडच्या मनोऱ्यावर आपली आज्ञा चालत नाही, महाराज. माणसाच्या डोळ्यांवरही चालत नाही. पण पैसा होडीतून जातो आणि होडी आपल्या घाटावरून सुटते. आपली आज्ञा चालावी अशी तेवढी एकच जागा आहे आणि तिथेच आपण हात पसरून बसलो आहोत. स्वतः वाटा घ्यायचा आणि विणकरणीचा अंगठा तोडायचा, याला मी न्याय म्हणणार नाही."

राजा ताडकन उभा राहिला. "राजाज्ञा मोडणाऱ्यालाही शिक्षा असते, अमात्य."

"असते. तुमच्या आज्ञेला अंगठा हवाच असेल तर माझा घ्या आणि या बाईला घरी जाऊ द्या." असे म्हणून त्याने आपली अमात्यपदाची मुद्रा सिंहासनासमोर ठेवली आणि उजवा हात पुढे केला.

राजाने संतापाच्या भरात खूण केली. शस्त्र खाली आले. धृतिसेनाने ओठ घट्ट मिटले, उपरण्याने हात बांधला आणि शांतपणे सांगितले, "महाराज, उद्या सकाळी मी घाटावर असेन."

सकाळी होड्या सुटायच्या वेळी तो सर्वांत पुढच्या होडीत जाऊन उभा राहिला.

होडीवाल्यांचा नायक म्हणाला, "अमात्य, उतरा. आमच्या घरच्यांनी खायचं काय?"

"मी आता अमात्य नाही. धान्य वाहा, वाळू वाहा, मी स्वतः तुमच्यासाठी काम शोधीन. पण या थैल्या घेऊन जायचं असेल तर आधी मला पाण्यात ढकला."

नायकाने त्याच्या बांधलेल्या हाताकडे पाहिले आणि वल्हे खाली ठेवले. पहारेकरी आले, तेही पायऱ्यांवरच थबकले. इतक्यात रोहिणी आली आणि दुसऱ्या होडीत जाऊन बसली. मग त्या बिनघोड्याच्या सरदाराची बायको आली. मग एक रंगारी आला, दोन कुंभार आले, नवऱ्यांनी खेळून धुळीला मिळवलेल्या कितीतरी बाया आल्या. होड्या माणसांनी भरल्या. थैल्या ठेवायला जागा राहिली नाही. पलीकडे ठरल्या वेळी निळा ध्वज चढला, पण त्या दिवशी त्याच्यावर कांपिल्याची एक कवडीही नव्हती.

राजा घाटावर आला. हे सगळे लोक पाण्यात लोटल्याशिवाय एकही होडी सुटणार नाही, हे त्याला दिसले. तो पायऱ्या उतरून खाली आला आणि धृतिसेनाच्या हाताकडे पाहून त्याने मान खाली घातली. मग गुपिलाला म्हणाला, "ही घाटपट्टी आजपासून बंद. पैसे नेणारी होडी जप्त करायची, मग ती कोणाचीही असो." धृतिसेनाला तो हळू आवाजात म्हणाला, "गजशाळा अर्धवट राहील."

"राहू दे, महाराज."

राजाने त्याची मुद्रा त्याला परत दिली. अंगठा तोडण्याची ती आज्ञाही मागे घेतली. भोगकाने दुप्पट पट्टी देऊ करणारा दूत पाठवला, तो राजाने दारातूनच परत धाडला.

यानंतर जुगार समूळ गेला असे झाले नाही. काही जण पोहून पलीकडे जात, काही धान्याच्या पोत्यात पैसे लपवत. घाटावर काही पकडले जात, काही सुटत. ते पाहून एक दरबारी म्हणाला, "ज्यांना खेळायचं ते खेळणारच. मग बंदीचा उपयोग काय?"

धृतिसेन म्हणाला, "चोऱ्याही थांबलेल्या नाहीत. म्हणून आपण चोरांकडून कर घ्यायला बसत नाही. मी आहे तोवर हा घाट बंदच राहील."

आणि तो तसा राहिला. पलीकडे जाणारा पैसा इतका आटला, की मनोऱ्याचा खर्च भोगकाला परवडेना. तो खालच्या अंगाला दुसऱ्या नगराकडे निघून गेला. ज्या दिवशी मनोऱ्यावर ध्वज चढला नाही, त्या दिवशी रोहिणी सकाळपासून गच्चीवर बसून होती. तिची नजर रिकाम्या मनोऱ्यावरून हटत नव्हती. शेजारच्या दोघी तिच्याजवळ येऊन बसल्या आणि ऊन उतरेपर्यंत उठल्या नाहीत.

आपल्या पूर्वजन्मीची ही कथा सांगून भगवान शास्ते भिक्षूंना म्हणाले, "तेव्हाचा राजा वीरकेतू म्हणजे आजचा आनंद. भोगक म्हणजे देवदत्त. विणकरीण रोहिणी म्हणजे भिक्षुणी उत्पलवर्णा. होड्यांत येऊन बसलेले ते लोक म्हणजे तुम्ही सगळे. आणि अमात्य धृतिसेन मीच होतो."

त्या जन्मी बोधिसत्त्वाने जी पारमिता, म्हणजे पूर्णत्वाला न्यायचा जो सद्गुण, जोपासली तिचे नाव अधिष्ठान. जे योग्य म्हणून जाणले, ते पुरते साधेल की नाही याचा हिशेब न मांडता त्यावर ठाम उभे राहणे, ते अधिष्ठान.