वाकलेली तांबडी

एका मुलीच्या अंगात, जिथं ऊन कधीच पोचत नाही, तिथं एक तांबडी पेशी राहायची. फुप्फुसातला प्राणवायू उचलून घोट्याला नेऊन द्यायचा, हे तिचं काम. जन्मजात खोट एवढीच, की ओझं देऊन झालं की तिचं अंग विळ्यासारखं वाकायचं.

त्या दिवशीही तिनं जवळचं सगळं घोट्याला दिलं, वाकली आणि परत निघाली. अरुंद वाटेत रक्तवाहिनीच्या भिंतीनं तिला धरलं.

"सोड गं बाई, मागं रांग लागलीय."

"तुमच्यासारख्या वाकड्या मला रोज ओरबाडत जातात," भिंत म्हणाली. "त्यानंच हा चिकटपणा आलाय. आता सोडायचं म्हटलं तरी मला सोडता येत नाही."

मागच्या पेशींचं ओझं अजून उतरलं नव्हतं, म्हणून त्या गोल होत्या. "हिला काय धाड भरलीय हलायला?" त्या करवादल्या. मग खोळंबून खोळंबून त्यांचाही प्राणवायू सरला आणि त्याही एकेक करून वाकल्या. वाट पुरती तुंबली. घोटा तडफडू लागला.

शाळेच्या मैदानावर मुलगी पाय धरून खाली बसली, तेव्हा बाई रांगेतल्या बाकीच्या मुलींना म्हणाल्या, "सकाळी तर उड्या मारत होती. आता हिला काय धाड भरलीय?"