सुईपासून ड्रमपर्यंत

"आणखी किती ओढू, सर?"

शर्वाणी घोलपनं विचारलं खरं, पण उत्तरासाठी थांबली नाही. बटण फिरवून तिनं व्होल्टेज आणखी चढवलं.

सिरिंजमध्ये पॉलिमरचं द्रावण. विजेच्या ओढीनं सुईतून त्याचा धागा निघायचा आणि समोर फिरणाऱ्या ड्रमवर बसायचा. भाजलेल्या जखमेवर घालायची जाळी त्याची व्हायची होती. धागा केसाहून शेकडो पटींनी बारीक हवा होता. तसा नमुना उद्या गेला नाही, तर काम दुसऱ्या प्रयोगशाळेकडे जाणार होतं.

आणि धागा येत होता जाड. ओला. एकमेकांना चिकटलेला.

मुजावर सर स्टुलावर बसून चहा पीत होते.

"सर, मी काहीतरी विचारलं."

"ऐकलं."

"मग बोला ना. दृष्टांत नको, आकडा द्या."

"आकडे तुझ्याकडेच ढीगभर आहेत." त्यांनी एक घोट घेतला. "ड्रम एवढा जवळ कुणी आणला?"

"मीच. लांब असला की धागा भरकटतो, नुसता गरगरतो. आता बघा, कसा सुतासारखा सरळ येतोय."

सर उठले. मशीन बंद केलं. ड्रम पार मागे सरकवला. व्होल्टेज उतरवून मशीन पुन्हा चालू केलं, खोलीतला दिवा मालवला आणि टॉर्च तिच्या हातात दिला.

"बघ."

सुईपाशी धागा जरासा सरळ होता. मग वळला. गरगरला. मोठमोठी वेटोळी घेत हवेत दिसेनासा झाला.

"सर, हा वायाच चाललाय."

शर्वाणीचे हात शिवशिवत होते. ती बटणाकडे वळली, तर सरांनी आपला कप पुढे केला.

"धर जरा."

एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात सरांचा उष्टा कप. चरफडत उभी राहिली.

संध्याकाळी मायक्रोस्कोपच्या स्क्रीनवर धागे उमटले. बारीक, कोरडे, सुटे. लांबच्या वाटेवर गरगरतानाच ते ताणले गेले होते, सुकले होते. हवे होते अगदी तसे.

शर्वाणी हसली. मग तिच्या कपाळावर आठी चढली.

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. आठवडाभर मी इथं डोकं फोडतेय, आणि तुम्ही चहा पिताय."

"हं."

"पहिल्याच दिवशी सांगितलं असतंत, तर मी केव्हाच पोचले असते."

"पोचली असतीस," सर म्हणाले. "निघालीस तशीच."