गुणी लेकरू

“पण हे रडतं कधी?”

मठाच्या धोंडबाबांनी पुन्हा तेच विचारलं. बाळाची आई कांता सासूकडे बघू लागली. सासूनं पदर सावरला आणि मोठ्या अभिमानानं सांगितलं, की रडतच नाही. दूध पाजायलासुद्धा हलवून उठवावं लागतं. इतकं गुणी लेकरू आमच्या सात पिढ्यांत झालं नाही.

यदुनाथ गालात हसला. हे सारं आधी त्यानंच तर ओळखलं होतं.

संस्कृत घेऊन एम. ए. झाल्यावर तो पैनगंगेकाठच्या ह्या मठात आला होता, आणि आल्यापासून बाबांनी त्याला गोठा झाडायला लावला होता. तो सल मनात होताच. म्हणून बाळ पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बाबांना न विचारताच त्यानं निवाडा दिला: हा योगभ्रष्ट. मागल्या जन्मी साधना अर्धी राहिली, की असा जीव परत येतो आणि पाळण्यातच ध्यानाला लागतो. ह्याला मागण्यासारखं काही उरलंच नाही, मग रडेल कशाला?

गावानं ते उचलून धरलं. असलं काही उचलायला गावाला कधी जड जातं? आज ओसरीखाली दर्शनाची रांग लागली होती. नारळ होते, हार होते, अगरबत्त्यांचा धूर होता. लेकराला एकदा डॉक्टरला दाखवावं, हे मात्र त्या अख्ख्या रांगेत एकालाही सुचलं नव्हतं.

बाबांनी बाळाच्या अंगावरचा हार काढून ठेवला. अंगडं वर केलं. जन्मानंतरची कावीळ एव्हाना उतरायला हवी होती. कातडीवर अजून पिवळी झाक होती. बेंबी फुगून वर आली होती. जीभ जाड, ओठांत न मावणारी. बाबांनी तळव्याला हात लावला. भर उन्हाळ्यात तळवा गार होता.

त्यांनी तळव्यावर टिचकी मारली.

काहीच नाही...

दुसरी जरा जोरात मारली. तेव्हा बाळ रडलं. घोगरं, म्हाताऱ्या माणसासारखं. आणि लगेच दमून गप्प झालं.

“समाधी मोडू नका, बाबा,” यदुनाथ म्हणाला.

बाबांनी पायरीकडे वळून हाक मारली, “भिवा.”

पायरीवरून मठातला मौनीबाबा उठला. तिशी उलटलेली, उंची शाळकरी पोराएवढी, तोंड सुजट, जीभ अर्धी बाहेर. गाव त्याला नवस बोलायचं. यदुनाथही रोज सकाळी त्याच्या पायांवर डोकं ठेवायचा. ह्याला भिवा असं नाव असेल, हे त्याच्या कधी मनातच आलं नव्हतं. भिवा डुलत डुलत आला आणि काढून ठेवलेल्या हारातला झेंडू तोडून खाऊ लागला.

“विचार ह्याला, कोणतं व्रत धरलंय.”

यदुनाथ झेंडू चघळणाऱ्या त्या तोंडाकडे बघू लागला.

“हाही असाच गुणी होता,” बाबा म्हणाले. “ह्याच्याही पाया पडले लोक... मोठा झाला तरी बोलेना, तेव्हा इथं आणून सोडला.”

मग त्यांनी कांताला जवळ बसवलं आणि सावकाश, तिला कळेल असं सांगितलं. गळ्यात एक ग्रंथी असते. ती जन्मतःच नीट काम करत नसली, की लेकरू असं निपचित पडतं. भिवाला नेलं तेव्हा डॉक्टरांनी हे समजावलं होतं, पण तोवर वेळ निघून गेली होती. ह्याचं तेच आहे की आणखी काही, ते रक्त तपासूनच कळेल. तेच असलं तर एक बारीकशी गोळी, आईच्या दुधात कुस्करून, रोज. आत्ता सुरू केली तर पोर चारचौघांसारखं शाळेत जाईल. उशीर केला, तर मेंदूचं जे गेलं ते परत येत नाही.

सासू फणकारली. आम्ही देव घेऊन आलो आणि तुम्ही पेशंट करून परत पाठवता, म्हणाली.

कांता उठली. तिनं बाळ उचलून छातीशी धरलं.

“मला देव नको, आत्याबाई. मला माझं पोर पाहिजे.”

यदुनाथचा चेहरा उतरला. “मी गीतेचा आधार घेऊनच सांगितलं होतं, बाबा.”

“ह्या लेकराचे पाय धरले होतेस ना?”

“हो.”

“गार लागले नाहीत?”

लागले होते... त्याला ते शीतल वाटले होते.

बाबांनी मठाच्या जीपची किल्ली त्याच्या हातात ठेवली. तालुक्याला लहान मुलांचे डॉक्टर आहेत, म्हणाले. तपासणी होऊन औषध हातात पडल्याशिवाय मठात पाऊल टाकायचं नाही. तोवर गोठा मी झाडीन.

कांता बाळाला घेऊन पुढे निघाली. यदुनाथ ओसरीच्या कडेला थबकला. खाली माणसं ताटकळत उभी होती. त्यांना त्यानंच बोलावलं होतं.

“बाबा... ह्यांना काय सांगू?”

“सांग, देव दवाखान्यात गेलाय.”