माडाला दिलेले शब्द

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. नेमकी किती, ते विचारू नका. मी काही तेव्हा नव्हतो, आणि जे होते ते सांगायला उरले नाहीत. एका राज्यात समुद्रकाठी एक बंदर होतं. तिथे सातासमुद्रापलीकडून मोठमोठी गलबतं यायची आणि त्यांवरचे खलाशी फाडफाड इंग्रजी बोलायचे. गावातल्या कुणाला त्यातलं ओ की ठो कळत नसे.

म्हणून राजाने बंदरावर इंग्रजीची शाळा काढली आणि दवंडी पिटली, "जो तयार होईल त्याला बंदरावर दुभाष्याची जागा मिळेल." दुभाषी म्हणजे इकडचं बोलणं तिकडे आणि तिकडचं इकडे समजावून सांगणारा.

या शाळेची एक रीत होती. गुरुजी रोज प्रत्येकाला नवे शब्द द्यायचे. मुलांनी ते दिवेलागणीच्या आत गावात कुणाला तरी शिकवायचे आणि त्याच्याशी बोलायचे. दुसऱ्या दिवशी गुरुजी शब्द विचारत नसत. विचारत, "काल कुणाला दिलेस?"

शाळेत शेवंती नावाची एक मुलगी होती. आई बंदरावर मासे विकायची. "आई, मला ती जागा मिळाली ना, की तू उन्हात टोपली घेऊन बसायचं नाहीस," असं शेवंती रोज म्हणायची, आणि तेवढ्यासाठी जिवाचं रान करायची. पण पोरीला भीती भारी! आपण चुकलो तर लोक हसतील, या धास्तीने ती कुणाशी बोलायचीच नाही. घरामागच्या माडासमोर उभी राहायची आणि सगळे शब्द पाढ्यासारखे म्हणायची. सन, मून, स्टार, ट्री... आज मिळालेला शब्द कालच्या शब्दामागे जोडायचा की झालं.

"काल कुणाला दिलेस?" गुरुजी विचारत.

"माडाला, गुरुजी!"

सगळा वर्ग खो खो हसायचा. गुरुजी मात्र नुसती मान हलवायचे.

तिच्याच वर्गात बाबल्या होता. त्याचं पाठांतर म्हणजे आनंदच! पण मिळालेला शब्द तो आजीला देऊन मोकळा व्हायचा. आजी तांदूळ निवडताना ओरडायची, "बाबल्या, बघ रे मेल्या, किती हा स्टोन!" आणि दोघं पोट धरून हसायची.

एके दिवशी मोठं गलबत येताना दिसलं. बंदराच्या तोंडाशी पाण्याखाली एक खडक लपलेला होता. गलबताला वाट दाखवायला गावचा म्हातारा तांडेल होडी घेऊन निघाला. गुरुजींनी शेवंतीला आणि बाबल्याला होडीत बसवलं. "जो गलबत सुखरूप आत आणील, जागा त्याची," ते म्हणाले.

होडी जवळ पोचते न पोचते तोच गलबत खडकाकडे वळलं. तांडेलाच्या तोंडचं पाणी पळालं. "पोरी, सांग त्यांना, पुढे खडक आहे!"

शेवंतीला खडकाला काय म्हणतात ते पक्कं ठाऊक होतं. पण तो शब्द पाढ्यात पार शेवटाकडे, आणि पाढा सुरुवातीपासून म्हटल्याशिवाय काही सापडेना! ती घाईघाईने म्हणू लागली, "सन, मून, स्टार, ट्री..."

खलाशांना वाटलं, मुलगी स्वागताचं गाणं म्हणते आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

"अगं बाई, गाणं कसलं म्हणतेस! खडक म्हण, खडक!" तांडेल कळवळून ओरडला.

तेवढ्यात बाबल्या उठून उभा राहिला आणि दोन्ही हात पसरून बोंबलला, "नो कम! शिप, नो कम! बिग स्टोन! बिग बिग स्टोन!"

गलबत करकरत वळलं आणि वाचलं. जागा बाबल्याला मिळाली.

शेवंती रडून रडून अर्धी झाली. "गुरुजी, मला त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त शब्द येतात हो!"

"येतात ना," गुरुजी म्हणाले. "पण माडाने तुला कधी उलटून विचारलं का गं, काय म्हणालीस म्हणून? जो विचारील, हसेल, भांडेल, त्याला दे."

त्या दिवशी शेवंतीने पहिल्यांदा आईला शब्द दिले. आईने 'बास्केट' असं काही ठसक्यात म्हटलं की शेवंतीला हसू आवरेना. मग ती स्वतः चुकली, तेव्हा आई हसली. आणि गंमत अशी, की हसल्याने काहीच बिघडलं नाही! हळूहळू घरातल्या भांडणातसुद्धा इंग्रजी शिरलं. "शेवंते, वॉटर आण! क्विक!" आई खेकसायची आणि शेवंती म्हणायची, "नो! आय ॲम टायर्ड!" पाढ्यात अडकलेले शब्द एकेक करून सुटे झाले.

पुढच्या हंगामात एका गलबतावरून एक परदेशी बाई रडत उतरली. कडेवरचं बाळ तापाने फणफणलं होतं. बाबल्या धावत आला. "शेवंते, चल लवकर! माझे शब्द संपले गं. ती काय सांगते ते मला कळत नाही."

शेवंती धावली. ताप कधीपासून, उलटी झाली का, दूध घेतं का, सारं तिने विचारलं आणि वैद्यांना सांगितलं. वैद्यांनी सांगितलेलं औषध बाईला समजावलं. दोनदा चुकली, तिसऱ्यांदा बरोबर बोलली. थांबली मात्र नाही. पुढे बाळाचा ताप उतरला आणि ते आईकडे बघून हसलं, तेव्हा शेवंतीचेच डोळे भरून आले.

राजाला हे कळलं. त्याने बंदरावर दुभाष्याची आणखी एक जागा केली आणि ती शेवंतीला दिली.

निघताना त्या बाईने शेवंतीचे हात हातात घेतले आणि विचारलं, "इतकं छान इंग्रजी तुला कुठल्या पंडिताने शिकवलं?"

शेवंतीने धक्क्याकडे बोट दाखवलं. तिथे एक कोळीण टोपलीतले उरलेले मासे आवरत होती; उद्यापासून तिला उन्हात बसायचं नव्हतं.

"माय मदर," शेवंती म्हणाली.

तात्पर्य काय, तर नवा शब्द नुसता पाठ करून ठेवू नये. चुकतमाकत का होईना, कुणाशी तरी बोलावा, तेव्हाच तो आपला होतो.